क्षणभराच्या प्रकाशाचा हिशेब : फ्लॅश आणि अचूक उद्भासन

छायाचित्र म्हणजे प्रकाशाने रेखाटलेली आकृती होय. हा प्रकाश प्रमाणात मिळाला, तर चेहऱ्यावरील बारीकसारीक छटा जशाच्या तशा उतरतात. कमी मिळाला, तर चित्र काळवंडते. आणि अधिक झाला, तर कपाळ, गाल व शुभ्र वस्त्रे यांचा नुसता पांढरा डाग होऊन बसतो. फिल्मवर किंवा अंकीय कॅमेऱ्यातील संवेदकावर पोहोचणाऱ्या एकूण प्रकाशास उद्भासन असे म्हणतात. छायाचित्रकारांच्या रोजच्या बोलण्यात यालाच ‘एक्स्पोजर’ हा शब्द रूढ आहे.

सूर्यप्रकाशात किंवा दिव्यांच्या उजेडात उद्भासन ठरविणे त्या मानाने सोपे असते, कारण प्रकाश समोर उपस्थित असतो. तो डोळ्यांना दिसतो आणि प्रकाशमापकाने मोजताही येतो. फ्लॅशची गोष्ट निराळी आहे. कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वी हा प्रकाश अस्तित्वातच नसतो, आणि तो प्रकट होतो न होतो तोच नाहीसा होतो. जो प्रकाश आगाऊ पाहता येत नाही, त्याचे माप आगाऊ कसे घ्यावे? प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. लग्नात अंतरपाट दूर होण्याचा क्षण, शाळेच्या समारंभात एखाद्या मुलीच्या हाती बक्षीस पडण्याचा क्षण, वृद्ध आजी-आजोबांसह सारे कुटुंब एकत्र बसल्याचा क्षण, हे पुन्हा घडवून आणता येत नाहीत. तेथे हिशेब चुकला, तर चूक कायमची राहते.

सुदैवाने हा हिशेब अवघड नाही. प्रकाशाचा एक नियम आणि एक साधा गुणाकार एवढ्यावर तो उभा आहे. तो नियम व तो गुणाकार कसा लागू पडतो, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

मॅग्नेशियमपासून झेनॉनपर्यंत

क्षणिक प्रकाशात चित्र घेण्याची कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणता येईल. १८५१ साली विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या इंग्रज शास्त्रज्ञाने वेगाने फिरणाऱ्या चाकावर छापील कागद चिकटवून, लायडेन पात्रातील विद्युत्-ठिणगीच्या उजेडात त्याचे चित्र घेतले. चाक फिरत असूनही ठिणगीच्या अत्यल्प काळात ते जणू स्तब्धच होते. तथापि रोजच्या उपयोगाचा क्षणिक प्रकाश प्रथम मिळाला तो रसायनांतून. १८८७ मध्ये जर्मनीतील आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण तयार केले. ते पेटविताच डोळे दिपविणारा लोळ उठत असे.

याच मिश्रणाच्या साहाय्याने डेन्मार्कमध्ये जन्मलेले वार्ताहर जेकब रीस यांनी न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांची चित्रे घेतली. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ या ग्रंथाने त्या शहराला आपल्याच पोटातील दैन्याचे दर्शन घडविले. परंतु या प्रकाशाची किंमतही मोठी होती. ही पूड पेटविताना रीस यांच्या हातून दोन वेळा घराला आग लागली आणि एकदा त्यांच्या स्वतःच्या कपड्यांनी पेट घेतला.

१९२९ मध्ये जर्मनीत काचेच्या फुग्यात ऑक्सिजन व अ‍ॅल्युमिनियमचा पातळ वर्ख बंद केलेला दिवा विक्रीस आला. यामुळे धूर व आगीचे भय पुष्कळ कमी झाले. मात्र प्रत्येक दिवा एकदाच जळून निकामी होई. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभापासून विद्युत्-फ्लॅशचा विकास केला. दुधाचा थेंब पडताच उसळणाऱ्या मुकुटाचे १९५७ सालचे त्यांचे चित्र जगप्रसिद्ध आहे.

आज कॅमेऱ्यावर बसविला जाणारा सुटा फ्लॅश याच तत्त्वावर चालतो. त्यातील धारित्र नावाच्या घटकात सुमारे ३०० व्होल्ट दाबाने विद्युत्‌भार साठविला जातो. कळ दाबताच काही हजार व्होल्टच्या एका झटक्याने झेनॉन वायूने भरलेली नलिका वाहक बनते आणि साठविलेला सारा भार तीतून एकदम वाहून जातो. तोच तो लखलखाट. सेल काढून ठेवले तरी धारित्रात धोकादायक भार शिल्लक राहू शकतो. म्हणून बिघडलेला फ्लॅश घरी उघडून पाहण्याचा मोह कोणी धरू नये.

नळ आणि तांब्या

कॅमेऱ्यात प्रकाशाला आवर घालणाऱ्या दोन गोष्टी असतात. पहिली, भिंगातील छिद्र, म्हणजेच अ‍ॅपर्चर. ते लहानमोठे करता येते. दुसरी, झडप, म्हणजेच शटर. ती किती वेळ उघडी राहावी हे ठरविता येते. यांखेरीज फिल्मची किंवा संवेदकाची संवेदनक्षमता आयएसओ या अंकाने सांगितली जाते. हा अंक दुप्पट केला, की निम्म्या प्रकाशात तेवढेच उजळ चित्र मिळते.

साध्या उजेडात छिद्र व झडप यांचे महत्त्व सारखेच. फ्लॅशच्या बाबतीत मात्र यांपैकी झडपेचा अधिकार जवळजवळ संपतो. याचे कारण एका घरगुती दृष्टान्ताने स्पष्ट होईल. नळाखाली बादली ठेवली असता, झाकण जितका वेळ उघडे ठेवावे तितके पाणी आत पडते. खोलीतील दिव्यांचा उजेड या नळाच्या धारेसारखा आहे. परंतु कोणी भरलेला तांब्या एकदम बादलीत उपडा केला, तर त्या क्षणी झाकण उघडे असले म्हणजे झाले. नंतर ते आणखी किती वेळ उघडे राहिले यावर तांब्यातील पाण्याचे प्रमाण मुळीच अवलंबून नसते. फ्लॅशचा प्रकाश असा तांब्यासारखा एकदम ओतला जातो. पूर्ण शक्तीने चालविलेल्या सामान्य फ्लॅशचा लखलखाट सुमारे १/१००० सेकंदात आटोपतो. शक्ती कमी केल्यास त्याहूनही पुष्कळ लवकर. झडप १/६० सेकंद उघडी राहो की १/१२५ सेकंद, तांब्यातील सर्व पाणी बादलीत पडलेले असते.

येथे एक मर्यादा सांभाळावी लागते. भिंग बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत झडपेचे दोन पडदे असतात. पहिला सरकून संवेदक उघडा करतो आणि दुसरा त्याच्या मागून येऊन तो झाकतो. झडपेचा वेग फार वाढविला, तर पहिला पडदा शेवटास पोहोचण्यापूर्वीच दुसरा निघालेला असतो. अशा वेळी संवेदक कोणत्याही क्षणी पूर्ण उघडा नसतो आणि चित्राच्या एका भागात काळा पट्टा उमटतो. ज्या सर्वांत जलद वेगाला संवेदक क्षणभर तरी पूर्ण उघडा असतो, त्यास ‘सिंक स्पीड’ म्हणतात. जुन्या अनेक फिल्म कॅमेऱ्यांत तो १/६० सेकंद असे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० ते १/२५० सेकंदांच्या आसपास असतो. याहून जलद वेग वापरू देणारी एक खास योजना काही फ्लॅशमध्ये असते. तीत फ्लॅश एकदम न चमकता अतिजलद स्पंदनांची मालिका सोडतो, म्हणजे तांब्याचाच नळ होतो. त्यामुळे तेथे झडपेचा वेग पुन्हा हिशेबात धरावा लागतो आणि फ्लॅशचा पल्लाही घटतो.

अंतर वाढले की प्रकाश किती घटतो?

झडप बाजूला राहिली. आता उरली अंतर, छिद्र आणि संवेदनक्षमता. यांपैकी अंतराचा परिणाम नवशिक्याच्या अंदाजापेक्षा फार मोठा असतो.

एका लहानशा दिव्यापासून निघालेला प्रकाश पसरत पसरत पुढे जातो. एक मीटर अंतरावर जो प्रकाश एका पाटीएवढ्या पृष्ठभागावर पडतो, तोच दोन मीटर अंतरावर दुप्पट रुंद व दुप्पट उंच, म्हणजे चार पाट्यांएवढ्या पृष्ठभागावर पसरतो. त्यामुळे प्रत्येक पाटीच्या वाट्याला पूर्वीच्या एक चतुर्थांश प्रकाश येतो. तीन मीटर अंतरावर नऊ पाट्या, म्हणून एक नवमांश. चार मीटरवर एक षोडशांश. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात प्रकाश घटतो असा हा नियम शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतही सापडतो. प्रकाशाचे उगमस्थान अंतराच्या मानाने लहान असेल तोवर तो चांगला लागू पडतो, आणि कॅमेऱ्यावरील फ्लॅश असा लहानच असतो.

या नियमाने अनेक कोडी उलगडतात. रात्रीच्या क्रिकेट सामन्यात प्रेक्षकांच्या गर्दीतून शेकडो फ्लॅश लुकलुकताना दिसतात. लहान कॅमेऱ्यातील असा फ्लॅश काही मीटरांपर्यंतच उपयोगी पडतो. अनेक दशके मीटर दूर असलेल्या फलंदाजापर्यंत त्याचा नाव घेण्याजोगा अंशही पोहोचत नाही. उजळून निघतात ती पुढच्या रांगेतील डोकी. तसेच, रात्री अंगणात घेतलेल्या चित्रात माणूस उजळ येतो आणि मागचे झाड काळोखात बुडते. याचेही कारण हेच. माणूस दोन मीटरवर व झाड आठ मीटरवर असेल, तर झाडाला माणसाच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच प्रकाश मिळालेला असतो.

गटचित्र घेताना हा नियम विशेष ध्यानात ठेवावा. पहिली रांग फ्लॅशपासून २ मीटर व शेवटची ४ मीटर अंतरावर असेल, तर पुढच्यांवर मागच्यांच्या चौपट प्रकाश पडतो. पुढचे चेहरे पांढरे पडतात वा मागचे काळवंडतात. छायाचित्रकार दोन मीटर मागे सरला, की रांगांची अंतरे ४ व ६ मीटर होतात आणि प्रकाशातील तफावत चौपटीवरून सुमारे सव्वादोन पटीवर येते. म्हणजे सर्वांना समान न्याय द्यावयाचा असेल, तर जवळ जाण्यापेक्षा दूर होणे श्रेयस्कर!

एकच गुणाकार

भिंगाच्या छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता हा अंक मिळतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र १२.५ मिलिमीटर असेल, तर तो एफ ४, छिद्र ६.२५ मिलिमीटर असेल, तर एफ ८. अर्थात अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. छिद्राचा व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चतुर्थांश होते; म्हणून एफ ४ ऐवजी एफ ८ ठेवल्यास प्रकाशही चतुर्थांश येतो. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा व्हावा, या हेतूने भिंगावर पुढील अंक कोरलेले असतात :

१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२

या एका पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. आता एक मौजेची गोष्ट पाहण्यासारखी आहे. अंतर दुप्पट केले की प्रकाश चतुर्थांश होतो; एफ-अंक दुप्पट केला तरीही प्रकाश चतुर्थांशच होतो. दोहोंचा नियम एकच. म्हणून वरील ओळीतील अंक मीटर समजून वाचले, तरी प्रत्येक पायरीला प्रकाश निम्माच होत जातो. अंतर एक पायरी वाढले, तर एफ-अंक एक पायरी कमी करावा, की उद्भासन जिथल्या तिथे राहते. याचाच अर्थ असा की, अंतर आणि एफ-अंक यांचा गुणाकार कायम राहतो.

या कायम राहणाऱ्या गुणाकारास मार्गदर्शक अंक किंवा ‘गाईड नंबर’ म्हणतात. प्रत्येक फ्लॅशच्या माहितीपत्रकात तो छापलेला असतो. समजा, आयएसओ १०० असताना एका फ्लॅशचा हा अंक मीटरांत ४० आहे. मग माणूस ५ मीटरवर असेल, तर ४० ला ५ ने भागून एफ ८. १० मीटरवर असेल, तर एफ ४. आणि अडीच मीटरवर असेल, तर एफ १६. उलट, एफ ५.६ च ठेवावयाचा असेल, तर ४० ला ५.६ ने भागून सुमारे ७ मीटर हे अंतर मिळते. प्रकाशमापक नसला, तरी एवढा एक भागाकार पुरेसा होतो.

यात अंतर म्हणजे फ्लॅशपासून माणसापर्यंतचे अंतर, कॅमेऱ्यापासूनचे नव्हे. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेपर्यंत दोन्ही एकच असतात. परंतु तो काढून सोबत्याच्या हाती दिला आणि तो सोबती माणसाच्या दोन मीटर जवळ उभा राहिला, तर कॅमेरा सहा मीटरवर असला तरी हिशेब दोनचाच करावा.

हा अंक केव्हा बदलतो?

मार्गदर्शक अंक चार गोष्टींनी बदलतो, आणि बहुतेक चुका येथेच होतात.

पहिली, संवेदनक्षमता. आयएसओ चौपट केला, की अंक दुप्पट होतो. दुप्पट केला, तर सुमारे १.४ पट. आयएसओ १०० ला ४० असलेला अंक आयएसओ २०० ला ५६ आणि ४०० ला ८० होतो.

दुसरी, फ्लॅशची शक्ती. ती निम्मी केली, तर अंक निम्मा होत नाही. वरील फ्लॅशचा अंक पूर्ण शक्तीस ४०, अर्ध्या शक्तीस २८, पाव शक्तीस २०, १/८ शक्तीस १४ आणि १/१६ शक्तीस १० असा उतरत जातो. हे अंक वरच्याच ओळीच्या चालीने चालतात हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल.

तिसरी, फ्लॅशच्या तोंडाची स्थिती. अनेक फ्लॅशमध्ये प्रकाशाचा झोत अरुंद किंवा रुंद करता येतो. झोत अरुंद केला, की तोच प्रकाश थोड्या जागेत एकवटतो आणि अंक वाढतो. माहितीपत्रकावर ठळकपणे छापलेला मोठा अंक बहुधा अशा अरुंद झोताचा असतो. रुंद झोतासाठी तो बराच कमी धरावा लागतो. अंक मीटरांत आहे की फुटांत, हेही पाहावे. फुटांतील अंक मीटरांतील अंकाच्या सुमारे ३.३ पट दिसतो.

चौथी, भोवतालच्या भिंती. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत इकडेतिकडे गेलेला प्रकाश परतून माणसावर येतो. रात्री मोकळ्या मैदानावर ही मदत मिळत नाही. तेथे छिद्र अर्धी ते एक पायरी अधिक उघडावे लागते.

यांखेरीज एक खबरदारी घ्यावी. फ्लॅश तयार झाल्याचा दिवा अनेक वेळा धारित्र पूर्ण भरण्याच्या थोडा आधीच पेटतो. सेल जुने झाले असतील, तर दिवा पेटल्यावर आणखी काही क्षण थांबावे. अन्यथा गणित बरोबर असूनही चित्र अंधूक येते.

दोन प्रकाशांचा मेळ

फ्लॅश वापरलेल्या प्रत्येक चित्रात वस्तुतः दोन उद्भासने एकावर एक पडतात : एक भोवतालच्या उजेडाचे आणि दुसरे फ्लॅशचे. छिद्र व आयएसओ या दोन्हींवर सत्ता चालवितात. झडप केवळ भोवतालच्या उजेडावर. आणि फ्लॅशची शक्ती व अंतर केवळ फ्लॅशवर. एवढे उमजले, की छायाचित्रकाराच्या हाती दोन स्वतंत्र लगाम येतात.

शाळेच्या सभागृहातील संध्याकाळचा समारंभ हे उदाहरण घेऊ. समजा, प्रकाशमापकानुसार आयएसओ ४०० ला एफ ४ व १/३० सेकंद हे तेथील दिव्यांचे योग्य उद्भासन आहे. बक्षीस घेणारी मुलगी फ्लॅशपासून ५ मीटरवर आहे. एफ ५.६ ठेवावयाचा, तर लागणारा मार्गदर्शक अंक ५.६ गुणिले ५, म्हणजे २८. आयएसओ ४०० ला फ्लॅशचा पूर्ण शक्तीचा अंक ८० आहे. तो पायरीपायरीने उतरविला, तर अर्ध्या शक्तीस ५६, पाव शक्तीस ४० आणि १/८ शक्तीस २८. म्हणून फ्लॅश १/८ शक्तीवर ठेवावा. यात आणखी एक लाभ असा की, फ्लॅश चटकन पुन्हा सज्ज होतो आणि सेल समारंभ संपेपर्यंत पुरतात.

आता झडप. एफ ५.६ ला सभागृहाच्या उजेडाचे योग्य उद्भासन १/१५ सेकंद होईल. १/६० सेकंद ठेवल्यास मागील भाग दोन पायऱ्या गडद, परंतु ओळखू येण्याजोगा उमटेल आणि मुलगी त्यातून उठून दिसेल. मागील भाग अधिक उजळ हवा असेल, तर झडप १/३० सेकंद करावी. मुलीवरील फ्लॅशच्या प्रकाशात त्यामुळे काहीही फरक पडत नाही. मात्र दोन्ही प्रकाशांची बेरीज चेहऱ्यावर होत असते, हे विसरू नये; भोवतालचा उजेड जसजसा वाढवावा, तसतशी फ्लॅशची शक्ती किंचित कमी करावी. झडप फार मंद ठेवली, तर हलणाऱ्या हाताभोवती अस्पष्ट सावलीही उमटते.

भर दुपारीही फ्लॅश उपयोगी पडतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. डोक्यावर ऊन असताना टोपी, फेटा किंवा पदर यांची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहरा काळा येतो. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ ११ व १/२५० सेकंद हे साधारण योग्य उद्भासन होय. माणूस अडीच मीटरवर असता पाव शक्तीच्या फ्लॅशचा अंक २०. त्यास अडीचने भागले की ८ येतात. भिंगावर मात्र एफ ११ आहे. म्हणजे फ्लॅश उन्हापेक्षा एक पायरी कमी पडतो, आणि तेच हवे असते. सावली मावळते, परंतु चित्रातील ऊन उन्हासारखेच राहते.

छतावरून परतलेला प्रकाश

समोरून सरळ मारलेल्या फ्लॅशने चेहरा सपाट व तेलकट दिसतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. यावर सोपा उपाय म्हणजे फ्लॅशचे तोंड पांढऱ्या छताकडे वळविणे. मग संपूर्ण छतच मोठ्या दिव्यासारखे काम करते आणि सौम्य प्रकाश खाली उतरतो.

हिशेबात येथे दोन फेरफार करावयाचे. फ्लॅशपासून छतापर्यंत आणि छतापासून माणसापर्यंत, अशी दोन्ही अंतरे मिळवावीत. ती २ व ३ मीटर असल्यास एकूण ५ मीटर. ४० या अंकाने एफ ८. परंतु छत काही प्रकाश शोषते आणि उरलेला चहूकडे पसरविते. म्हणून साधारण दोन पायऱ्या अधिक उघडून एफ ४ ठेवावा आणि परीक्षणार्थ एक चित्र घेऊन पाहावे. छत किंवा भिंत रंगीत असेल, तर हा उपाय टाळावा. हिरव्या वा निळ्या भिंतीवरून परतलेला प्रकाश चेहऱ्यालाही तोच रंग देतो.

स्वयंचलित फ्लॅश कोठे फसतो?

आजचे बहुतेक फ्लॅश हा सारा हिशेब स्वतःच करतात. भिंगातून आत आलेला फ्लॅशचा प्रकाश चित्र घेतानाच मोजून फ्लॅश वेळीच बंद करण्याची योजना १९७५ साली ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्यात प्रथम आली. अंकीय कॅमेऱ्यांत निराळी रीत आहे. मुख्य लखलखाटापूर्वी फ्लॅश एक क्षीण चमक सोडतो, तिचा परतलेला प्रकाश कॅमेरा मोजतो आणि त्यावरून शक्ती ठरवितो.

मग मार्गदर्शक अंक शिकण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर त्या मापनाच्या स्वरूपातच आहे. स्वयंचलित यंत्रणा माणसावर किती प्रकाश पडला हे मोजीत नाही. माणसावरून किती परतला हे मोजते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, या गृहीतकावर ती मुळात उभी असते. चित्राची चौकट शुभ्र साडीने किंवा पांढऱ्या धोतर-सदऱ्याने भरली असेल, तर पुष्कळ प्रकाश परततो. यंत्रास वाटते, प्रकाश फार झाला. ते फ्लॅश आटोपता घेते. वस्त्र करडे दिसते आणि सावळा चेहरा अधिकच काळा होतो. उलट, मागे काळोखे अंगण असेल, तर थोडाच प्रकाश परततो. यंत्र फ्लॅश वाढविते आणि चेहऱ्यावरील छटा पुसल्या जातात. पांढऱ्याच्या वेळी एक पायरी अधिक आणि काळ्याच्या वेळी एक पायरी उणे, अशी दुरुस्ती करण्याची सोय फ्लॅशवर असते. परंतु ती केव्हा करावी, हे यंत्रास नव्हे, माणसास कळावे लागते.

मार्गदर्शक अंकास असा चकवा बसत नाही, कारण तो पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब आहे. समोर कोण उभे आहे, त्याने काय नेसले आहे आणि त्याच्या कातडीचा रंग कोणता, याची तो विचारपूस करीत नाही. एकाच मंचावर एकामागून एक येणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांची चित्रे घ्यावयाची असतील आणि सर्वजण एकाच ठिकाणी उभे राहणार असतील, तर एकदा केलेला भागाकार शंभरही वेळा बरोबर येतो. गोरा गोरा उतरतो, सावळा सावळा. कोणाचाही चेहरा दुसऱ्याच्या कपड्यांपायी बिघडत नाही.

तरीही एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. फ्लॅश कोठे वापरावा इतकेच तो कोठे वापरू नये हेही ठाऊक असले पाहिजे. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत त्यास मनाई आहे. अनेक वस्तुसंग्रहालयांतही तसाच नियम असतो, आणि तो पाळलाच पाहिजे.

स्वतःचा अंक काढण्याचा प्रयोग

छापील अंकावर सर्वस्वी विसंबण्यापेक्षा आपल्या फ्लॅशचा अंक स्वतः पडताळून पाहावा. शाळेतील विज्ञानमंडळाला हा प्रयोग एका तासात सहज करता येईल.

फितीने मोजून फ्लॅशपासून बरोबर ३ मीटर अंतरावर एका विद्यार्थ्यास उभे करावे. आयएसओ १००, झडप १/१२५ सेकंद आणि फ्लॅश हाती चालविण्याच्या पद्धतीवर, पूर्ण शक्तीस ठेवावा. खोलीतील दिवे मंद असावेत. विद्यार्थ्याच्या हाती पाटी द्यावी आणि एफ ५.६, ८, ११, १६ व २२ असे क्रमाने पाच वेळा चित्र घ्यावे. प्रत्येक वेळी वापरलेला अंक पाटीवर लिहावा. प्रत्येक चित्रापूर्वी फ्लॅश पूर्ण भरेपर्यंत थांबावे.

मग पाचही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. ज्यात त्वचेची छटा खरी वाटते आणि पांढऱ्या सदऱ्याचे धागे व चुण्याही दिसतात, ते चित्र निवडावे. समजा, ते एफ ११ चे निघाले. तर ११ गुणिले ३, म्हणजे ३३ हा त्या फ्लॅशचा खरा अंक. माहितीपत्रकात ४० छापले असले, तरी त्या खोलीत आणि त्या झोतासाठी ३३ च धरावा. नंतर विद्यार्थ्यास ६ मीटरवर उभे करून एफ ५.६ ने पुन्हा चित्र घ्यावे. ते पहिल्या निवडक चित्राइतकेच उजळ आले, तर अंतराच्या वर्गाचा नियम पुस्तकातून निघून विद्यार्थ्यांच्या हाती आला असे समजावे. तो अंक एका चिठ्ठीवर लिहून फ्लॅशच्या पाठीला चिकटवून ठेवावा. पुढील समारंभात तीच चिठ्ठी उपयोगी पडेल.